गोल्डफिश आजारी पडला तर घरी काय करायचं, मुंबईचं पाणी आणि उकाडा धरून

गोल्डफिश तळाला बसलाय, खायला वर येत नाहीये, पर अंगाला चिकटवून घेतलेत, किंवा वर येऊन नुसतं तोंड उघडझाप करतोय, आणि रात्रीचे साडेदहा वाजलेत, अ‍ॅक्वेरियमचं दुकान बंद. अशा वेळी आधी दोनच गोष्टी करा. खाणं बंद करा आणि एअर पंप फुल करा. औषध नको, निळ्या औषधाची (मिथिलीन ब्लू) बाटली घरात असली तरी आत्ता नको. मोठा गोल्डफिश आठवडाभर न खाता आरामात राहतो, उपाशी राहून तो मरत नाही, पण आजारी असताना टाकलेलं खाणं तसंच खाली पडून कुजतं आणि पाणी अजून बिघडतं.

हे मी एवढं ठासून सांगतेय कारण आमच्या लाडूच्या वेळी मी बरोब्बर उलटं केलं होतं. लाडू म्हणजे आमचा ओरँडा जातीचा गोल्डफिश, केशरी, गोल गरगरीत, मुलीने नाव ठेवलं. आम्ही विक्रोळीला राहतो, गणपतीच्या आधी घराची साफसफाई काढली होती त्यात फिशटँक पण काढला, सगळं पाणी ओतून दिलं, खडे नळाखाली चोळून धुतले, फिल्टरचा स्पंज तर पिळून पिळून पांढराशुभ्र केला, आणि नवीन पाणी भरून लाडूला परत सोडला. टँक इतका चकाचक दिसत होता. तिसऱ्या दिवशी लाडू कोपऱ्यात जाऊन बसला, पाचव्या दिवशी शेपटीवर रव्यासारखे पांढरे दाणे. सासूबाई म्हणाल्या, जाऊ दे गं, घरावरचं काहीतरी त्याने अंगावर घेतलं असेल, त्या मायेनेच म्हणाल्या, पण माझं मन मानेना, आणि मी दुकानातून आणलेली दोन औषधं एकदम टँकमध्ये घातली. त्याने लाडू अजूनच मरगळला. मग ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं मासे आहेत अशा एका ओळखीच्या काकांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो, "पाणी कधी बदललंस आणि किती?" माशाला काय झालंय ते त्यांनी त्यानंतर विचारलं. तेव्हापासून मी पण कुणाचा मासा आजारी आहे कळलं की हेच आधी विचारते.

त्याचं कारण थोडक्यात सांगते, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. मासा श्वास घेताना कल्ल्यांतून अमोनिया सोडत असतो, आणि गोल्डफिश खातो पण भरपूर, घाण पण भरपूर करतो. हा अमोनिया त्याच्यासाठी विष आहे. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खड्यांवर चांगले बॅक्टेरिया राहतात, काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट बऱ्यापैकी सौम्य असतं, ते आपण पाणी बदलून काढतो. हे बॅक्टेरिया पुरेसे वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. आणि आपण काय करतो, क्लोरीनच्या नळाखाली स्पंज धुतो आणि एका दुपारी सगळे मारून टाकतो. मग दोन-तीन दिवसांत अमोनिया चढतो, कल्ले जळजळतात, माशाची ताकद जाते, आणि जो किडा किंवा बॅक्टेरिया एरवी त्याला काही करू शकला नसता तो आता चढून बसतो. म्हणजे आपल्याला दिसतात ते पांढरे दाणे, पण सुरुवात पाण्यापासून झालेली असते, आणि पाणी तसंच ठेवून औषध घातलं तर काही होत नाही.

म्हणून घरात पाण्याची टेस्ट किट ठेवा, थेंबांची वाली, जिच्यात ट्यूबमध्ये पाणी घेऊन थेंब टाकून रंग बघतात. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत मिळते, ऑनलाईन पण मिळते. अमोनिया शून्य पाहिजे, नायट्राइट शून्य पाहिजे, नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरला ४० मिलिग्रॅम) खाली, पीएच ७ ते ८ च्या मध्ये कुठेतरी पण रोज साधारण तेवढाच. पाणी जितकं गरम आणि पीएच जितका वर तितका तोच अमोनिया जास्त विषारी होतो, आणि आपल्याकडे थंडीचे थोडे दिवस सोडले तर पाणी गरमच असतं, त्यामुळे "थोडासाच दाखवतोय" म्हणून सोडून देऊ नका.

किट नसेल तर पाणी खराब आहे असंच धरून चाला आणि एक तृतीयांश ते अर्धं पाणी बदला. फक्त एक अपवाद. महिनोन्महिने पाणी बदललंच नसेल, नुसती वरून भर घातली असेल, तर एकदम अर्धं बदलू नका. अशा जुन्या पाण्याचा पीएच खाली गेलेला असतो, त्यात अमोनिया दबून बसलेला असतो, आणि आपण भसकन नवीन पाणी ओतलं की पीएच वर जातो आणि तो दबलेला अमोनिया एकदम जहाल होतो. तिथे रोज पाचवा हिस्सा, चौथा हिस्सा असं करत आठवड्यात जाग्यावर आणायचं.

आता आपल्या मुंबईच्या पाण्याचं. महापालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा वगैरे सात तलावांतून येतं, शुद्ध होऊन क्लोरीन घालूनच आपल्या नळाला येतं, आपल्यासाठी चांगलं आहे, माशासाठी तसंच्या तसं नाही. पसरट टबात किंवा बादलीत उघडं २४ तास ठेवलं, त्यात एअर पंपाची नळी सोडली तर अजून चांगलं, की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब. खड्यांच्या रूपात पण मिळतं, सोडियम थायोसल्फेट म्हणून. पण एवढं लक्षात ठेवा की त्याने क्लोरीन जातो, अमोनिया जात नाही, बरेच जण अँटी-क्लोरीन घातलं म्हणजे पाणी शुद्ध झालं असं समजतात.

सोसायटीच्या टाकीची साफसफाई असते त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी टँकला हात लावू नका. टाकी धुवायला ब्लीचिंग पावडर वापरतात आणि ती नीट निघून गेलीय की नाही हे कोण बघतं. नोटीस बोर्डावर तारीख लागते, आदल्या रात्री दोन बादल्या भरून ठेवायच्या. तसंच मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी अक्षरशः हात भाजेल असं असतं, ते थेट ओतलं तर मासा धक्क्यानेच आडवा होईल. बोट बुडवून अंदाज घेऊ नका, साधा काचेचा थर्मामीटर घ्या, नवीन पाणी आणि टँकचं पाणी यात एका डिग्रीपेक्षा जास्त फरक नको.

पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की आपण पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवतो, ते पाणी टँकला वापरू नका. तुरटीने पीएच पडतो आणि त्यातलं अ‍ॅल्युमिनियम कल्ल्यांना त्रास देतं. आरओचं पाणी पण नको, शुद्ध आहे म्हणून प्रेमाने घालतात लोक, पण त्यातली खनिजं निघून गेलेली असतात आणि गोल्डफिशला ती लागतात, शिवाय अशा पाण्याचा पीएच एका जागी टिकत नाही.

पुढचं निदान. एकच मासा आजारी आहे की सगळे एकदम, हे बघा. सगळे एकाच दिवशी वर येऊन धापा टाकायला लागले तर रोग शोधत बसू नका, पाण्यातच काहीतरी गेलंय किंवा हवा कमी पडतेय. रात्री लाईट गेली होती का, पंप बंद पडला होता का. घरात पेस्ट कंट्रोल झालं का. आणि हे फार कमी लोकांच्या डोक्यात येतं, डासांचं काय वापरता. कॉईल, लिक्विडचं मशीन, स्प्रे, यांच्यात जी पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशकं असतात ती माशांना अत्यंत विषारी असतात, आणि आपला एअर पंप खोलीतली हवा ओढून सरळ पाण्यात सोडतो. आमच्या टँकच्या खालच्याच सॉकेटला डासांचं मशीन लावलेलं असायचं, कित्येक महिने, ते आता बेडरूममध्ये हलवलंय आणि हॉलच्या खिडकीला जाळी बसवून घेतली. पावसाळ्यात धूर फवारणीची गाडी आली की खिडक्या लावा, टँकवर ओला टॉवेल टाका आणि धूर ओसरेपर्यंत एअर पंप बंद ठेवा, नंतर आठवणीने चालू करा. असं काही झालंय असा संशय असेल तर अर्धं पाणी लगेच बदला आणि फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घाला.

एकच मासा आजारी असेल तर त्याला वेगळा टब. लहान बाळाला अंघोळ घालायचा प्लास्टिकचा टब छान पडतो, ४० लिटरचा, पण नवीन आणावा, साबण लागलेला नको. त्यात क्लोरीन गेलेलं पाणी, एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीच्या टोकाला लावायचा बुडबुडे सोडणारा दगड), आणि टँकमधला स्पंज फिल्टरच काढून टबात लावा म्हणजे चांगले बॅक्टेरिया त्याच्याबरोबर येतील. खडे नको, झाडं नको, खेळणी नको, तळ मोकळा हवा म्हणजे विष्ठा दिसते आणि रोज काढता येते. वरून जाळी किंवा पातळ कापड, मासे उडी मारतात. टब जमिनीवर कोपऱ्यात ठेवा जिथे येता-जाता कोणाचा पाय लागणार नाही, टीव्हीजवळ नको. मासा हलवताना जाळीने खरवडू नका, वाडगा किंवा पातेलं पाण्यात बुडवून त्यात पाण्यासकट घ्या, ओरँडा आणि बबल आय (डोळ्यांखाली फुगे असलेली गोल्डफिशची जात) यांसारख्यांना जाळीने जखमा होतात.

आता मीठ. माझ्या मते घरात ठेवायचं पहिलं औषध हेच, आणि नीट मोजून घातलं तर सगळ्यात सुरक्षित पण हेच. खडेमीठ घ्यायचं, लोणच्यासाठी आपण आणतो ते जाडं, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही. जेवणाच्या टेबलावरचं बारीक मोकळं मीठ नको, ते मोकळं राहावं म्हणून त्यात काहीतरी घातलेलं असतं. चमच्याने मोजू नका, खडा जाड-बारीक असतो, वजनकाट्यावर मोजा, नसेल तर वाण्याकडून ४०-४० ग्रॅमच्या पुड्या करून आणा. मात्रा अशी, आधी लिटरला १ ग्रॅम. म्हणजे ४० लिटरच्या टबात ४० ग्रॅम, मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून हळूहळू ओतायचं, खडे तसेच टाकले तर मासा त्यावर जाऊन बसतो आणि अंग भाजतं. १२ तासांनी अजून ४० ग्रॅम, अजून १२ तासांनी शेवटचे ४०. असं लिटरला ३ ग्रॅमपर्यंत न्यायचं आणि थांबायचं. मीठ हवेत उडून जात नाही. म्हणून पाणी बदलाल तेव्हा जेवढं पाणी काढलं तेवढ्याचंच मीठ परत घाला, १० लिटर काढलं तर ३० ग्रॅम. ही चूक फार होते, लोक दर वेळी पूर्ण डोस घालतात आणि आठवड्यात टबाचा समुद्र होतो. मिठाने होतं काय तर माशाच्या अंगात सतत पाणी शिरत असतं ते बाहेर काढायचे त्याचे कष्ट कमी होतात, अंगावर बुळबुळीत थर जास्त सुटतो, आणि बरेचसे बारीक परजीवी मरतात. नायट्राइट चढला असेल, म्हणजे कल्ले लालऐवजी तपकिरी दिसत असतील आणि मासा धापा टाकत असेल, तर मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, तिथे लिटरला १ ग्रॅम मीठ पण खूप उपयोगी पडतं. मुख्य टँकमध्ये खरी झाडं असतील तर तिकडे मीठ नको, झाडं मरतात.

पांढरे दाणे, ज्याला सगळे इक म्हणतात. मीठ किंवा रवा भुरभुरल्यासारखे ठिपके, मासा खड्यांवर, फिल्टरवर अंग घासतो. पण थांबा, आधी ठिपके कुठे आहेत बघा. फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या पहिल्या काडीवर ओळीने आलेत, मासा मस्त खातोय, दुसऱ्याच्या मागे पळतोय, तर तो नर आहे आणि विणीच्या दिवसांत त्याला ते येतातच. त्याला औषध द्यायचं कारण नाही, आणि असे कितीतरी धडधाकट नर उगाच औषधात बुडवले जातात.

खरा इक असेल तर त्या किड्याचं चक्र समजून घ्या. ठिपक्याच्या आत किडा माशाच्या कातडीखाली बसलेला असतो, तेव्हा त्याला मीठ पण लागत नाही आणि औषध पण लागत नाही. तो पिकला की खाली पडतो, तळाला चिकटतो, फुटून शेकडो पिल्लं सुटतात आणि ती एक-दोन दिवसांत मासा शोधतात, नाही मिळाला तर मरतात. मारता येतात ती फक्त ही पोहणारी पिल्लं. म्हणून दोन दिवसांत ठिपके गेले की लोक उपचार थांबवतात आणि आठवड्याने दुप्पट येतात. लिटरला ३ ग्रॅम मीठ, रोज टबाच्या तळाची घाण नळीने ओढून एक चतुर्थांश पाणी बदल, आणि हे कमीत कमी १० दिवस, शेवटचा ठिपका गेल्यावर पण ३-४ दिवस पुढे. पहिल्या दोन दिवसांत ठिपके वाढले तर घाबरू नका, ते आत आधीच होते ते आता दिसतायत. इंटरनेटवर हीटर लावून पाणी तापवा असं असतं, ते थंड देशांतल्या लोकांसाठी, आपल्याकडे उन्हाळ्यात घरातलं पाणी तसंच २९-३० ला असतं, किड्याचं चक्र त्यामुळे आपोआप भराभर पुढे सरकतं, हीटरची गरज नाही. हवा मात्र जास्त लागते. २० डिग्रीला लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसातच. टँकमध्ये एकच मासा असेल आणि तो टबात आला, तर रिकाम्या टँकमधले किडे मासा न मिळाल्याने मरून जातात, दोन आठवडे तसाच चालू ठेवा. बाकी मासे असतील तर त्यांनाही लागण झालीय असं धरून सगळ्यांनाच उपचार करावे लागतात.

आमच्या लाडूचं मिठावरच गेलं. बारा दिवस. मुलगी शाळेतून आली की आधी टबाजवळ जाऊन ठिपके मोजायची आणि वहीत लिहायची, आणि खरं सांगते त्या वहीचा फार उपयोग झाला, कारण रोज बघताना वाटतं काहीच फरक नाही पण २३ वरून ९ झालेत हे आकडा सांगतो. तुम्ही पण लिहून ठेवा, तारीख, मीठ किती, पाणी किती बदललं, अमोनिया किती, फोटो काढला तर उत्तम.

शेपूट झिजणं. कड फाटल्यासारखी, पांढरी किंवा लालसर, दिवसेंदिवस आखूड होत जाते. हे बॅक्टेरियाचं काम, आणि मूळ जवळजवळ नेहमी घाण पाणी किंवा फार कमी जागेत फार मासे. स्वच्छ पाणी, रोज थोडा बदल, लिटरला १ ते २ ग्रॅम मीठ, आणि दोन-तीन आठवड्यांत नवीन शेपूट पारदर्शक कडेने वाढायला लागते. ती पारदर्शक कड बघून परत सडतंय असं वाटतं, पण ती नवीन वाढ असते. अंगावर काळे डाग आले तर ते बहुतेक वेळा अमोनियाने भाजलेलं बरं होताना येतात, पाणी ठीक ठेवलं की आपोआप जातात.

कापसासारखे पुंजके दिसले तर दोन शक्यता. मोकळे, झुलणारे, एखाद्या जुन्या जखमेवर, ती बुरशी. इथे निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू चालतं, वेगळ्या टबात, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेने. मुख्य टँकमध्ये कधीच नको, ते फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया मारतं आणि काचेच्या जोडातलं सिलिकॉन कायमचं निळं होतं. हातमोजे घाला, फरशीवर सांडलं तर डाग निघत नाही. टबात पण ते घालाल तेव्हा स्पंज फिल्टर काढून परत टँकमध्ये ठेवा, नुसता एअर स्टोन चालू राहू दे आणि पाणी रोज बदला. दुसरी शक्यता, तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा करडा-पांढरा थर, जो एका दिवसात पसरतो. तो बहुतेक बॅक्टेरिया असतो, गरम पाण्यात फार वेगाने वाढतो, इथे वाट बघू नका, डॉक्टर शोधा. तोपर्यंत पाणी थंड ठेवायचा प्रयत्न करा, टेबलफॅनचा वारा पाण्यावर सोडला की दोन-तीन डिग्री उतरतात, बर्फ थेट टाकू नका.

उलटा तरंगतो, वाकडा पोहतो, डोकं खाली शेपूट वर. आपल्याकडे मिळणारे फँटेल, ओरँडा हे गोल पोटाचे, आत सगळं दाटीवाटीने बसलेलं असतं, आतडं फुगलं की पोहण्याची पिशवी, म्हणजे तोल सांभाळणारी आतली हवेची पिशवी, दाबली जाते. गोल्डफिशला आपल्यासारखं जठर नसतंच, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, म्हणून एकदम भरपूर घातलं की तुंबतं. दोन-तीन दिवस पूर्ण उपास. मग मटारचा एक दाणा, मऊ शिजवलेला, मीठ-हळद काही नाही, साल काढून, मुगाएवढे तुकडे करून दोन-तीन दिवस तेवढंच. नंतर तरंगणारे दाणे देणं सोडा, ते खाताना तो हवा पण गिळतो, बुडणारे दाणे आणा किंवा आहेत तेच पाच-दहा मिनिटं वाटीत भिजवून द्या. आठवडा-दोन आठवड्यांत सुधारला नाही तर ते पोटाचं नाही, पिशवीतच दोष आहे, पण असा मासा सुद्धा पाण्याची उंची कमी ठेवली, त्याला खाणं हाताने तोंडाशी दिलं तर वर्षानुवर्षं जगू शकतो. वाकडा पोहतो म्हणून त्याला टाकून देऊ नका.

पोट फुगून खवले बाहेर उभे राहिलेत, वरून बघितलं तर अननसाच्या सालीसारखा दिसतो, हे सगळ्यात वाईट. आत मूत्रपिंडाने काम सोडलेलं असतं, पाणी साठतं. एप्सम सॉल्ट, केमिस्टकडे मॅग्नेशियम सल्फेट म्हणून मिळतं, २० लिटरला चहाच्या चमच्याचा आठवा भाग, त्याने सूज थोडी उतरते, पण मुळातला आजार त्याने जात नाही. लवकर पकडलं आणि डॉक्टरांनी खाण्यातून अँटिबायोटिक दिलं तर काही वाचतात. बरेचसे वाचत नाहीत, हे तुम्हाला आधीच माहीत असावं म्हणून लिहितेय.

अँटिबायोटिकवरून आठवलं, आपल्या घरातली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टँकमध्ये टाकणारे खूप आहेत. नका करू. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम तिला धरून ठेवतं, माशाच्या अंगात फारसं काही जातच नाही, फिल्टर मात्र मरतो. हळद पण टँकमध्ये टाकतात, आपल्या जखमेला चालते म्हणून, पाणी गढूळ होण्यापलीकडे मला तिचा फायदा दिसला नाही. लसणाचं चालतं, एक पाकळी ठेचून त्याच्या रसात दाणे भिजवले तर न खाणारा मासा कधी कधी वासाने तोंड लावतो. आणि रस्त्यावर देशी बदामाची झाडं आहेत ना, त्याचं लाल होऊन गळलेलं पान स्वच्छ धुवून पूर्ण वाळवून टबात एखादं टाकायला हरकत नाही, पाणी पातळ चहासारखं होतं, बुरशीला थोडा आळा बसतो. एका वेळी एकच औषध, हे मात्र कडक पाळा. दोन औषधं एकत्र घातली तर कशाने बरं झालं आणि कशाने बिघडलं काहीच कळत नाही.

डॉक्टरांचं म्हणाल तर कुत्र्या-मांजराचे जागोजागी आहेत, मासे बघणारे थोडे. परळला बैलघोडा हॉस्पिटल आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय दोन्ही आहेत, पण मासा घेऊन उठून जाऊ नका, आधी फोन करून विचारा मासे बघणारं कुणी आहे का. ओळखीच्या व्हेटला पण विचारा, ते पुढचं नाव सांगू शकतात. मासा न्यावा लागला तर जाड प्लास्टिकची पिशवी, एक भाग पाणी दोन भाग हवा, रबर लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून अंधारात, आणि दुपारच्या उन्हात नाही. वेगळ्या बाटलीत टँकचं पाणी पण न्या, आणि ती वही.

काहीही झालं तरी जिवंत मासा पवई तलावात, विहिरीत, नाल्यात सोडू नका. सुटका होईल असं वाटतं, पण एक तर त्याचे हाल होतात आणि त्याचा रोग तिथल्या माशांना लागतो. गेलाच तर कुंडीत किंवा झाडाखाली खोल पुरा, फ्लश करू नका, मुलं बघत असतात.

बरा झाला की टबातून टँकमध्ये घाईने नको. शेवटचं लक्षण जाऊन चार-पाच दिवस होऊ द्या, मग तीन दिवसांत थोडं थोडं पाणी बदलत मीठ उतरवा, टँकचं अमोनिया-नायट्राइट शून्य आहे ना बघा, आणि मग वाडग्यात टबाचं पाणी आणि मासा घेऊन त्यात टँकचं पाणी कपकपभर अर्धा तास मिसळत सोडा. पहिल्या दिवशी खाणं नाही, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या अर्धं. स्पंज यापुढे टँकमधून काढलेल्या पाण्यातच बादलीत दोनदा दाबून काढायचा, नळाखाली नाही, आणि दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं, एका गोल्डफिशला निदान ८० लिटरचा टँक हवाच, काचेच्या गोल बाऊलमध्ये तो परत आजारी पडणारच. टब, नळी, जाळी, वाडगा सगळं मिठाच्या पाण्याने धुवून दोन दिवस कडक उन्हात वाळवा. आमचा टब गॅलरीत उपडा ठेवलाय, आत खडेमिठाची पुडी आणि थर्मामीटर, आणि लाडूने सकाळी काचेला तोंड लावून खायला मागणं परत सुरू केलंय.